पाय पुढं, मान मांगं

अकोल्यात मोर्णा नदीच्या पलीकडं, जुन्या शहरात, तसबिरींना काच बसवून देणारे एक काका होते. दुकानाला पाटी नव्हती. दाराशी उभ्या टेकवलेल्या लाकडी पट्ट्या हीच दुकानाची ओळख. गिऱ्हाईक दोन प्रकारचं. एक देव घेऊन यायचं, दुसरं माणूस. गणपती, बालाजी, शेगावचे गजानन महाराज आले की सोनेरी पट्टी निघायची. घरातल्या गेलेल्या माणसाचा फोटो आला की काळी, नाहीतर गडद तपकिरी. काका दोन्ही कामं एकाच पाटावर बसून, एकाच हिरकणीनं करायचे. मी पुढं चित्रकला शिकले, शिकवली, आणि माणसांनी मरणाला कसकसा चेहरा दिला हा माझा आयुष्यभराचा विषय झाला. तो विषय मला कुठल्या पुस्तकानं दिला नाही, त्या पाटानं दिला. हे देणं आजवर मनातच राहिलं. ते कागदावर यावं म्हणून लिहिते आहे.

बाबा गेले तेव्हा मी आठवीत होते. ते एका जिनिंगमध्ये हिशेब लिहायचे. कापसाचा हंगाम ऐन भरात होता, रात्री उशिरा घरी आले, छातीत दुखतं म्हणाले, आणि सकाळ त्यांनी पाहिली नाही. नंतरच्या दिवसांत घरात माणसं खूप होती आणि बोलणं काहीच नव्हतं. मोठी माणसं मला बघून गप्प होत. कोणी म्हणे बाबा देवाकडं गेले, कोणी म्हणे गावाला गेले, आणि आठवीतल्या मुलीला असं सांगायचं नसतं हे त्या वेळी कोणाच्या ध्यानात आलं नाही. तेरवीला फोटो हवा होता. बाबांचा एकट्याचा फोटो घरात निघेना. एका लग्नातल्या गटाच्या फोटोत ते अगदी कडेला उभे होते. स्टुडिओवाल्यानं तेवढाच भाग मोठा करून दिला. खांद्यावर दुसऱ्या कोणाचा तरी हात तसाच राहिला होता. तो फोटो घेऊन मामा आणि मी जठारपेठेतून मोर्णा ओलांडून काकांकडं गेलो.

काकांनी फोटो हातात घेतला, उजेडाकडं धरला आणि पहिला प्रश्न मामांना नाही, मला विचारला. "कोन्त्या भिंतीवर लावसान?" मला काय सांगावं कळेना. मामा म्हणाले, दक्षिणेच्या. काका मान डोलावून म्हणाले, "मंग उजेड समोरून येईन. काच चमकन. थोडी पुढं झुकवून लावा, म्हंजे डोये दिसतीन." मला आठवतं तसं, त्या तेरा दिवसांत बाबांच्या डोळ्यांबद्दल बोललेला हा पहिला माणूस.

पट्टी कापेपर्यंत मी भिंतीवरची चित्रं बघत उभी राहिले. तिथं ते चित्र होतं. सावित्री आणि यम. जुनं रंगीत छापील चित्र, वर वॉर्निशचा थर पिवळा पडलेला. पहिल्यांदा काच बसवताना कोणीतरी खालची पट्टी कापून टाकलेली, त्यामुळं छापखान्याचं नाव गेलेलं. पण घराणं ओळखू येण्यासारखं: राजा रविवर्म्याच्या चित्रांनी घराघरात जी तऱ्हा रूढ केली, ती. रान हिरवट-तपकिरी. वडाखाली सत्यवान निजलेला, जवळ कुऱ्हाड आणि अर्धवट बांधलेली मोळी. यम निघालेला, हातात पाश, पाशात बोटभर उंचीची एक उजळ आकृती. मागं हात जोडून सावित्री. मी यमाकडं बघितलं आणि लगेच मान खाली घातली.

काकांनी ते पाहिलं. हातातलं काम ठेवलं नाही, पाटावरूनच म्हणाले, "पाह्य पोरी, भेऊ नको. पाय पुढं हायेत अन् मान मांगं. जो निघाला, थो मांगं काहून पाह्यते?"

मी पुन्हा पाहिलं. खरंच होतं. पावलं दक्षिणेकडं वळलेली, एक टाच उचललेली, पण मान वळून सावित्रीकडं झालेली. चेहऱ्यावर राग नव्हता. ओठ किंचित उघडे होते. नुकतंच कोणीतरी काही विचारलं आहे आणि उत्तर द्यायचं राहिलं आहे, असे. काका म्हणाले, "तिनं बोलन्यात गुतवलं त्याले. त्याले आयकू येते. तुले काही इचाराचं असन त इचार."

मामांनी काकांकडं जरा चमकून पाहिलं. मी मनातल्या मनात विचारलं. विचारलं ते असं, की माझ्या बाबांना बोलायला वेळ का दिला नाही. उत्तर आलं नाही. पण ज्याला विचारायचं तो समोर होता, त्याला चेहरा होता, आणि तो ऐकत असल्यासारखा दिसत होता. घरातल्या त्या मुक्या दिवसांनंतर मला एवढंच पुरेसं झालं. मृत्यूला माणसाचं रूप का द्यायचं, याची पुस्तकी कारणं मी पुढं पुष्कळ वाचली. माझं स्वतःचं कारण तेव्हापासून एकच आहे: ज्याला चेहरा आहे त्याला प्रश्न विचारता येतो.

तयार फोटो घ्यायला दोन दिवसांनी आई आली. मीही बरोबर होते. दुकानात शिरले आणि माझी नजर भिंतीकडं गेली, तर सावित्री-यम दिसेचनात. त्यांच्यासमोर महालक्ष्मीची एक मोठी तसबीर टेकवून ठेवली होती. आईनं फोटो घेतला, पैसे दिले, आम्ही निघालो. पुढच्या वेळी गेले तेव्हा महालक्ष्मी आपल्या जागी आणि यम आपल्या जागी. मी विचारलं, तुम्ही ते झाकलं होतं का? काका म्हणाले, "तुही माय आलती न. ज्याच्या त्याच्या टायमाले दाखवा लागते चित्र."

त्यांनी काय वाचवलं हे मला त्याच वर्षीच्या वटपौर्णिमेला कळलं. आमच्या गल्लीतून बायका वडाला दोरा गुंडाळायला निघाल्या तशी आईनं रस्त्याकडची खिडकी लावून घेतली. स्वयंपाक करता करता, मला नव्हे, कोणालाच नव्हे, अशी ती बोलली की सावित्रीनं आपला माणूस परत आणला, आपल्याला नाही आणता आला. विधवा झालेल्या किती बायकांनी ही कथा अशी स्वतःवर उलटवून घेतली असेल! दुकानात त्या दिवशी ते चित्र तिच्यासमोर आलं असतं तर तिनं काय वाचलं असतं, हे काकांना आधीच दिसलं होतं. शाळा त्यांची फार झालेली नव्हती. चित्र बघणाऱ्यावर काय करतं, याची त्यांच्याइतकी जाण मला पुढं मोठमोठ्या माणसांत क्वचित आढळली.

शाळा सुटली की मी दुकानात जाऊ लागले. आधी नुसतं बसायला, मग काचा पुसायला, मग मागचे पुठ्ठे कापायला. आईला दोन पैशांची मदत व्हावी एवढे पैसे काका द्यायचे. इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेची फी आणि रंगांची पेटी त्याच पैशांतून आली. खळ करायला त्यांनीच शिकवलं. मैदा मंद आचेवर शिजवायचा, गुठळी होऊ द्यायची नाही, उतरवताना चिमूटभर मोरचूद टाकायचं, म्हणजे कसर लागत नाही. जुन्या तसबिरी उघडायचं काम मला फार आवडायचं. खिळे एकेक करून सरळ उपसायचे, पुठ्ठा उचलायचा, मागं ठेवलेल्या जुन्या वर्तमानपत्रावरून चित्र कधी बसवलं ते कळायचं. काही चित्रांवर घरच्या बायकांनी साडीच्या जागी खरी जर आणि टिकल्या चिकटवलेल्या असत. काका त्या कधी काढू देत नसत.

चित्र काचेबाहेर आलं की ते भिंग द्यायचे. भिंगाखाली यमाचा चेहरा म्हणजे ठिपकेच ठिपके: तपकिरी, निळे, गुलाबी, गालाच्या उंचवट्याशी विरळ, मानेच्या खळग्यात दाट. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, दगडावर उलटं काढलेलं चित्र, आणि तोच कागद एकामागून एक सगळ्या दगडांवरून काढायचा. चांगल्या चित्राला डझनावर दगड लागत. एखादा रंग केसभर सरकला की राहिलंच. आमच्या यमाच्या खालच्या ओठाचा लाल रंग असा सरकलेला होता आणि त्यामुळंच ते तोंड उघडं दिसत होतं, असं मला पुढं वाटू लागलं. मी काकांना तसं म्हटलंही. ते म्हणाले, "असन. पन मान त कोनी सरकवली नाई न."

ही मान मला फार पुढं घेऊन गेली. पैठणी वळणाची किंवा पिंगुळीच्या चित्रकथींची चित्रं पाहिली की ध्यानात येतं, तिथले देव, राजे, राक्षस सगळे बहुतेक एका बाजूनं दिसतात. एक मोठा डोळा, सरळ नाक, ठाम रेघ. त्या चित्रांचं बळ वेगळंच आहे. पण चालता चालता अडकलेला, निघालेला आणि तरी मागं वळलेला यम त्या रेघेत मावत नाही. त्याला छायाप्रकाश हवा, मानेचा पिळलेला स्नायू हवा, नाटकातल्या नटाचा पवित्रा हवा. तैलरंगाचं हे कसब रविवर्म्यानं पुराणांतल्या माणसांना दिलं आणि 1894 साली मुंबईत जर्मन यंत्रं आणून छापखाना काढला, तेव्हा ते रंगीत कागदावरून घराघरांत गेलं. दोनच वर्षांत मुंबईत प्लेग आला. छापखान्याचे हाल झाले, तो पुढं लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि नव्या शतकाच्या सुरुवातीला रविवर्म्यानं तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकला. म्हणजे देवांचे हे चेहरे ज्या वर्षांत महाराष्ट्रभर पसरत होते, ती वर्षं प्लेगाची होती. वऱ्हाडात तर 1896-97 आणि 1899-1900 असे दोन दुष्काळ पाठोपाठ पडले. अशा वेळी भिंतीवरच्या यमाकडं माणसं नुसती शोभा म्हणून बघत असतील, हे मला पटत नाही.

याच छापखान्यासाठी पुढं धुंडिराज गोविंद फाळके यांनी फोटो-लिथोचं काम केलं. गोध्र्याला छायाचित्रकाराचा व्यवसाय करत असताना प्लेगात त्यांची पहिली पत्नी आणि मूल गेलं होतं. सिनेमा काढायला लागल्यावर त्यांनी 1914 मध्ये 'सत्यवान सावित्री' काढला. त्यांच्या मनात काय होतं, हे सांगायचा अधिकार मला नाही. पण प्लेगानं घर मोडलेला माणूस यमाच्या मागून चालत जाणाऱ्या बाईची गोष्ट पडद्यावर आणतो, हे मी वर्गात सांगते तेव्हा पोरं एकदम शांत होतात.

मुंबईला शिकायला जायचं ठरलं तेही काकांमुळं. आईचा जीव होत नव्हता. काका कधी कोणाच्या घरी जात नसत. ते मोर्णा ओलांडून आमच्या घरी आले, चहा नको म्हणाले, आणि उंबऱ्याशीच उभं राहून बोलले. "वहिनी, पोरीचा हात पाह्यला का तुमी? हा हात काचा पुसाले नाई." एवढं बोलून गेले. आईनं रात्रभर विचार केला आणि सकाळी माझी पेटी काढली.

जे. जे. कलाशाळेच्या ग्रंथालयात मी युरोपातला एकोणिसाव्या शतकाचा मृत्यू पाहिला. आधीचा मला ठाऊक होता: होल्बाइन या चित्रकाराचा, 1538 सालचा लाकडी ठशांतला सापळा, जो राजाला, नांगरणाऱ्याला, लेकराला सारखाच ओढून नेतो. त्याला स्वतःचा स्वभाव नाही, कामापुरता तो येतो. तीनशे वर्षांनंतरच्या चित्रकारांनी मात्र त्याला एकटं गाठलं. काम नसताना हा काय करतो? त्याला थकवा येतो का? तो कोणाशी बोलतो? बॉक्लिन नावाच्या स्विस चित्रकारानं 1872 साली स्वतःचंच चित्र काढलं: हातात कुंचला, आणि कानाशी मागून सापळा सारंगीसारखं वाद्य वाजवतोय. चित्रकार काम थांबवून ऐकतो आहे. बॉक्लिनची अनेक मुलं त्याच्या डोळ्यांदेखत गेली होती. फिनलंडच्या ह्यूगो सिम्बर्गनं 1896 साली मृत्यूला माळी केलं. काळ्या झग्यातले सापळे वाफ्यांतली रोपं जपताहेत, एकानं एक फूल छातीशी धरलं आहे. ते चित्र लहानसं आहे, साधं आहे, आणि मला त्या शतकातल्या भव्य चित्रांहून फार मोठं वाटतं. पोलंडच्या मालचेव्हस्कीनं पुढं 1902 मध्ये मृत्यूला धडधाकट शेतकरी बाईसारखं काढलं. विळा घेऊन आलेली ती बाई म्हाताऱ्याच्या पापण्यांवर बोटं ठेवून त्याचे डोळे मिटते आहे. म्हाताऱ्यानं हात जोडले आहेत.

पण माझं पाऊल अडलं ते आल्फ्रेड रेथेल या जर्मन चित्रकारापाशी. त्याचे दोन लाकडी ठसे आहेत, जोडीचे म्हणावेत असे. एकात पॅरिसमधला मुखवट्यांचा नाच. 1832 साली तिथं पटकी आली तेव्हा नाचता नाचताच माणसं कोसळली. हायने या कवीनं ती हकीकत लिहिली होती, तिच्यावरून हे चित्र. मृत्यू दोन हाडं घेऊन एकावर दुसरं घासत सारंगी वाजवतो आहे, मागं गुंडाळलेल्या कापडातली पटकी चाबूक धरून बसली आहे, वादक वाद्यं उचलून पळताहेत. दुसरं 1851 सालचं. चर्चच्या मनोऱ्यात म्हातारा घंटावाला खुर्चीत शांत पडला आहे, संध्याकाळची घंटा वाजवायची वेळ झाली आहे, आणि त्याच्या ऐवजी दोर ओढतो आहे मृत्यू. यात्रेकरूचा झगा घातलेला, मान खाली घातलेला. खिडकीत एक पाखरू. रेथेलनं या चित्राचं नाव ठेवलं 'मित्र म्हणून मृत्यू'. दोन्ही ठसे स्वस्तात विकले जावेत असेच होते, आमच्या दुकानातल्या चित्रासारखे.

ती पटकी कुठून आली होती? बंगालमधून. 1817 पासून ती निघाली, वाटेत आपल्याकडंही येऊन गेली आणि पॅरिसला पोचली. काकांनी त्यांच्या आजीकडून ऐकलेली मरीआईची गोष्ट मला तेव्हा आठवली. गावात पटकी आली की मरीआईचा लहानसा लाकडी गाडा करायचे, त्यात नैवेद्य, हिरवं लुगडं, बांगड्या ठेवायच्या, वाजतगाजत शिवेबाहेर नेऊन सोडायचे. पलीकडच्या गावानं तो पुढच्या शिवेवर ढकलायचा. एकच रोग: तिकडं त्याला हाडांचा वादक मिळाला, इकडं त्याला लुगडं नेसवून आई म्हटलं आणि सासरी पाठवावं तसं पाठवून दिलं. सुट्टीत अकोल्याला आले तेव्हा मी रेथेलच्या दोन्ही चित्रांच्या छायाप्रती काकांपुढं ठेवल्या. नाचाचं चित्र त्यांनी बाजूला सारलं. घंटेचं चित्र उजेडाकडं धरलं, बराच वेळ. मग म्हणाले, "हा हाडाचा हाय, पन थकेल हाय. म्हाताऱ्याची डूटी करून रायला." आणि विचारलं, "हे कोनाच्या भिंतीवर लागत असन?" या एका प्रश्नासाठी मी त्यांची ऋणी आहे. चित्र कोणत्या शैलीचं, कोणत्या संप्रदायाचं, हे मला इतरांनी शिकवलं. ते कोणाच्या भिंतीवर लागणार आणि त्या घरात कोण गेलेलं असणार, हा प्रश्न काकांचा.

म्हणूनच आपल्या या छापील चित्रांना कॅलेंडरवरची चित्रं म्हणून नाक मुरडणाऱ्यांशी माझं कायमचं भांडण आहे. सापळा हा गंभीर आणि मुकुट घातलेला यम बाळबोध, असं मानणारे अभ्यासक मी पाहिलेत. आपल्याकडं सापळा नव्हता असं तरी कुठं आहे? वेरूळच्या रामेश्वर लेण्यात, एकविसाव्या क्रमांकाच्या, सप्तमातृकांच्या शेजारी काळाचा सापळा कोरलेला आहे. फासळ्या मोजता येतात, पोट पाठीला लागलेलं. होल्बाइनच्या सुमारे हजार वर्षं आधीचा हा. आणि वेरूळमध्येच मार्कंडेयासाठी यमाला लाथ मारणारा शिवही आहे. आपण दोन्ही जाणून होतो, आणि घरातल्या भिंतीसाठी निवडला तो बोलणारा यम. महाभारताच्या वनपर्वातली सावित्री त्याच्या मागोमाग चालते आणि त्याला सांगते की सात पावलं बरोबर चाललेली माणसं मित्र होतात. आधी मैत्री सांगते, मग मागणं मागते. सासऱ्याचे डोळे, राज्य, वडिलांना पुत्र, स्वतःला पुत्र, असे वर देता देता यम आपल्याच शब्दात सापडतो. रेथेलचा यात्रेकरू मित्र आहे, पण तो बोलत नाही. आमचा यम बोलतो, आणि बोलल्यामुळं हरतो. या दोन चित्रांत कमीजास्त लावायची मला इच्छा नाही, पण बाप गेलेल्या पोरीला त्यातलं कोणतं आधी भेटावं, याचं उत्तर मला माहीत आहे.

आईची गोष्ट राहिली. मी नोकरीला लागून अकोल्यात परत आले, तोवर तिच्या मनातली सावित्री तशीच रुतून होती. त्या काळात मी महाभारत सलग वाचत होते. द्रोणपर्वात आणि पुन्हा शांतिपर्वात मृत्यूच्या जन्माची कथा येते. पृथ्वीला भार झाला म्हणून ब्रह्मदेव मृत्यूला उत्पन्न करतो, आणि ती मृत्यू म्हणजे एक मुलगी आहे. लाल डोळ्यांची, अंगावर दागिने. तिला सांगितलं जातं, प्राण्यांना मार. ती रडू लागते. मला हे काम नको म्हणते, ज्यांची मुलं, आईबाप, भाऊ मी नेईन त्यांचे तळतळाट मला भिववतात म्हणते, आणि काम टळावं म्हणून युगानुयुगं उग्र तप करते. ब्रह्मदेव तिचे अश्रू ओंजळीत धरतो आणि सांगतो की हेच रोग होतील, तेच माणसांना नेतील, तुला पाप लागणार नाही. मी हे आईला एका रात्री वाचून दाखवलं. ती सुपारी कातरत होती. अडकित्ता थांबला. म्हणाली, "म्हंजे तिलेही नोको होतं हे काम." मग बाबांच्या फोटोकडं बघून, त्यांच्या नावानं काही न बोलता, पुन्हा सुपारी कातरू लागली. त्यानंतरच्या वटपौर्णिमेला खिडकी उघडी होती.

त्याच आठवड्यात तिनं आपणहून विचारलं, त्या काकांच्या दुकानात सावित्रीचं एक चित्र होतं म्हणतेस ते दाखव. आम्ही गेलो. काकांना वयानं कमी दिसू लागलं होतं, पण त्यांनी आईला ओळखलं. या खेपेला महालक्ष्मी मध्ये आली नाही. त्यांनी उठून चित्र भिंतीवरून काढलं, काच फडक्यानं पुसली आणि आईच्या हातात दिलं. आई सावित्रीकडं फारशी बघत नव्हती. यमाकडं बघत होती. "सभ्य दिसतो," एवढंच म्हणाली. काका हसले.

काका गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. ते चित्र त्यांच्या घरच्यांकडंच आहे. मी कधी मागितलं नाही. एकदा मात्र ते उघडून दिलं. कसरीनं रानाचा कोपरा खाल्ला होता, मागचा पुठ्ठा आम्ल सुटून कागदाला करपवत होता. पुठ्ठा बदलला, काच आणि कागद यांत अंतर राहील अशी बारीक पट्टी घातली, पिवळं वॉर्निश आहे तसं ठेवलं. मजुरी घेतली नाही, आणि त्यांनी देऊ केली नाही. आमच्यातला हिशेब त्यांच्या नातवाला ठाऊक आहे.

दुकान आता तो नातू चालवतो. पट्ट्या फायबरच्या आल्या आहेत, फोटो मोबाइलवरून येतात आणि चौकातल्या भावपूर्ण श्रद्धांजलीच्या फलकांचं कामही तोच घेतो. त्या फलकांवर यम नाही, मरीआई नाही, मरणाचं कोणतंच रूप नाही. कोपऱ्यात एक समई आणि खाली शोकाकुल मंडळींची लांबलचक यादी. माझ्या मते ही मोठी उणीव आहे. सुट्टीच्या दिवशी मी तिथं जाऊन बसते. फोटो निवडायला माणसं गोंधळतात आणि नातू त्यांना माझ्याकडं पाठवतो. परवा कारंज्याकडचा एक तरुण आईचे फोटो घेऊन आला होता. एकात ती पदर नीट घेऊन ताठ उभी, डोळे कुठंतरी बाजूला. दुसऱ्यात शेतात कापूस वेचताना कोणीतरी हाक मारली म्हणून वळलेली, हसणारी. नातेवाईक म्हणत होते, हसताना चांगलं दिसत नाही, तेरवीला लोक नावं ठेवतील. मी त्याला काकांचा प्रश्न विचारला: कोणत्या भिंतीवर लावणार, आणि त्या भिंतीसमोर रोज कोण बसणार? तो म्हणाला, लहान बहीण, तिथं तिची अभ्यासाची जागा आहे. मग त्यानं शेतातला फोटो दिला. काळी पट्टी नको म्हणाला. सागवानी आहे का, असं विचारलं. आत माळ्यावर काकांच्या वेळच्या थोड्या उरल्या होत्या. नातवानं त्यातली काढून दिली.